नववीच्या लेकरांना विद्यापीठ दाखवायचंय: कुठं न्यावं, काय दाखवावं?

वर्गशिक्षिका_डोंगरपट्टा

धारूर तालुक्यात माध्यमिक शाळेवर गणित शिकवते. मागच्या आठवड्यात नववीला कोरे कागद वाटले आणि बारावीनंतर काय करायचं ते लिहा म्हटलं. पोरांच्या कागदांवर पोलीस भरती आणि आर्मी, पोरींच्या कागदांवर नर्स आणि मॅडम. एकदोघांनी डॉक्टर लिहून परत खोडलेलं. एक पोरगा गावातल्या बोअरच्या मोटारी, स्टार्टर सगळं दुरुस्त करतो. त्यानं कागद कोराच दिला. वर म्हणतो, "मला कुठं काय येतंय मॅडम."

कॉलेजची कमान या लेकरांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलेली असते. आत काय चालतं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. म्हणून पुढची सहल गडकिल्ल्यांऐवजी विद्यापीठात नेऊ, असं मी मुख्याध्यापकांना सुचवलं. एसटीच्या प्रासंगिक करारात, म्हणजे अख्खी गाडी भाड्यानं घेतली की, शाळेला निम्मी सवलत मिळते, त्यामुळे गाडीचं जमेल. सर म्हणाले, "न्या की. पण दाखवणार काय, इमारती?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून इथं विचारते.

संभाजीनगर, परभणी की अंबाजोगाई? जायच्या आधी गावात पालकांसोबत कार्यशाळा घ्यायची आहे, ती कधी घ्यावी? दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या, म्हणजे या लेकरांचे आईबाप, साखर कारखान्यांवर जातात. सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत. त्या वेळी संमतीपत्रावर आजीचा अंगठा असतो, आणि आजी म्हणते, "त्याच्या बापाला इचारा."

एक्सरेवाला

मॅडम, अंबाजोगाई जवळ पडतं, पण वैद्यकीय महाविद्यालय दाखवायचं म्हणून अख्खा वर्ग वॉर्डातून फिरवू नका. पेशंटला त्रास, लेकरांनाही काही कळत नाही. आधी लेखी परवानगी काढा आणि सांगा, आम्हाला डॉक्टर सोडून बाकीची माणसं भेटवा. रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, औषधं देणारा फार्मासिस्ट, नर्सिंगच्या पोरी. डॉक्टर सगळ्यांना माहीत असतो. एक्स-रे काढणारा कुठं शिकला, हे आजवर एकाही नातेवाइकानं मला विचारलेलं नाही. किती वेळ लागंल, एवढंच विचारतात.

त्या मोटारवाल्या पोराला अंबाजोगाईच्याच शासकीय तंत्रनिकेतनात न्या. डिप्लोमाला दहावीच्या मार्कांवर प्रवेश आहे, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा नाही. तीन वर्षं काढली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तेवढं नको असलं तर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन आहेच. तिथल्या वर्कशॉपात त्याला मोटारीपुढं उभं करा आणि तुम्ही बाजूला व्हा.

दाळमिलवाली

मी माजलगाव तालुक्यातली. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र केलं, आता दाळमिलमध्ये गुणवत्ता बघते. परभणीलाच न्या, आणि सहलीच्या मोसमात नेऊ नका.

१८ मे हा विद्यापीठाचा स्थापना दिवस, १९७२ सालचा. त्या दिवशी खरीप पीक परिसंवाद असतो, प्रदर्शन असतं, बियाण्याची विक्री असते. शाळेला सुटी असली तरी मे महिन्यात टोळ्या गावात परत आलेल्या असतात, आणि पेरणीच्या आधी बापाचं अर्धं लक्ष बियाण्यात असतं. लेकराचं शिक्षण बघायला चला म्हटलं तर तो म्हणेल बघू. बियाणं बघायला चला म्हणा, पहाटे गाडीपाशी हजर असेल. आणि संमती घ्यायची तर ती द्यायला तोच शेजारच्या सीटवर बसलेला.

सोबत काय दाखवायचं ते सांगते. त्याच्या शेतातलं सोयाबीन एमएयूएस-७१ किंवा १५८ असेल, ते इथलंच. बीडीएन-७११ तूर याच विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रातून आली. आईनं परसात लावलेली परभणी क्रांती भेंडीही इथलीच. प्रदर्शनात वाण तयार करणारे शास्त्रज्ञ स्वतः उभे असतात. लेकरांना पाचच प्रश्न पाठ करून न्या: तुम्ही कुठल्या गावचे, दहावीला किती होते, नंतर काय केलं, पैसे कुणी दिले, दिवसभर काय करता. चौथा प्रश्न विचारायला पोरं लाजतात. तोच सगळ्यात कामाचा.

मला स्वतःला बारावीपर्यंत ठाऊक नव्हतं की बिस्किट, लोणचं, दाळ यांचंसुद्धा शास्त्र असतं, त्याला बी.टेक. म्हणतात आणि प्रवेश बारावी सायन्सनंतर सीईटीतून होतो. मामांनी सांगितलं, कारण ते त्याच आवारात शिपाई होते. ज्याला असा मामा नाही त्यानं काय करायचं? तुमची सहल म्हणजे तोच मामा. वर्गात मुलं बसलेली बघायची असतील तर ऑगस्टमध्ये दुसरी फेरी काढा, तेव्हा टोळ्या अजून गावात असतात.

गोदाकाठ

दाळमिलवाली ताईंचं पटलं, पण एक सांगतो. मेमध्ये विद्यापीठ म्हणजे जत्रा. बाप बियाण्याच्या रांगेत, लेकरं रसवंतीवर. आमच्या गावची गाडी गेली होती, पोरांनी ट्रॅक्टरवर बसून फोटो काढले आणि परत आले. प्रत्येक चार लेकरांमागं एक मोठा माणूस नेमा, नाहीतर सरांचं म्हणणं खरं व्हायचं.

माय_दोन_लेकींची

समदे पोरांचं बोलायलेत. पोरीच्या बापाला इभाग दाखवून काय व्हणार? त्याला वसतिगृह दाखवा. फाटक कवा बंद होतं, रेक्टर बाई हाय का माणूस, मेस कशी हाय. माझ्या थोरलीच्या वक्ताला तिच्या बापानं एवढंच बघितलं, आन् मग सही केली. लॅब-बिब त्यानं बघितलीबी नाही.

पैशाचं गावातल्या कार्यशाळेतच बोला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीतल्या पोरींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आन् परीक्षा फी सरकार भरतंय, २०२४-२५ पासून. पर ह्याच्यात मेस न्हाई. लोक सगळंच फुकट समजत्यात आन् तिथं गेल्यावर घाबरून लेकीला माघारी आणत्यात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता, ह्याची नावं फळ्यावर लिहा. वैधतेचा अर्ज अकरावी सायन्सलाच टाकायचा, बारावीच्या निकालानंतर धावपळ केली तर सीट हातची जाते.

वर्गशिक्षिका_डोंगरपट्टा

सगळ्यांचे आभार. सरांशी बोलले. उसाचे फड आता उठायला लागलेत, टोळ्या परत येतायत, म्हणून कार्यशाळा मेच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी, मारुतीच्या पारावर. दिवसा कुणी येणार नाही. फळ्यावर दाखल्यांची नावं असतील. एक्सरेवाले दादा, तुम्ही यायचं. १८ मे ला परभणी, येताना पोरींचं वसतिगृह आतून बघायचं, त्याचं पत्र आजच टाकते. तंत्रनिकेतन शाळा सुरू झाल्यावर, फक्त ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी. स्टार्टरवाल्याला अजून काही सांगितलेलं नाही, नाहीतर त्या दिवशी तो गायब होईल.

एक नवीनच अडचण. टोळ्या कारखान्यांवर नेणाऱ्या मुकादमालाही गाडीत यायचंय, त्याची पोरगी याच वर्गात आहे. तो आला की बाकीचे बाप मोकळेपणी पैशाचं बोलणार नाहीत, त्यांच्या उचली, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, त्याच्याकडूनच आहेत. काय करू?

दाळमिलवाली

येऊ द्या त्याला. पोहोचलात की बियाण्याच्या रांगेत पहिला त्यालाच उभा करा, सगळ्यांचं बियाणं घ्यायची जबाबदारी देऊन. दुपारपर्यंत मोकळा होत नाही तो.