साध्या मराठीत सांगा आणि सॉफ्टवेअर तयार: गांधीबाग-इतवारीच्या धंद्याला हे चालेल का?

परसोडीचा प्रोग्रॅमर

नागपुरात इतवारी, गांधीबाग, कळमना, कुठेही गेलं तरी व्यापारी सध्या एकच विचारतात: एआयला मराठीत सांगितलं की बिलिंगचं सॉफ्टवेअर बनून मिळतं म्हणे, मग तुम्हाला पैसे कशाला द्यायचे? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः रोज हीच साधनं वापरतो. स्क्रीन, रिपोर्ट, डेटाबेसची टेबलं, ज्याला आठवडे लागायचे ते संध्याकाळपर्यंत उभं राहतं. तरी माझं मत असं की साध्या भाषेतल्या वर्णनावरून आपोआप तयार झालेलं सॉफ्टवेअर न तपासता थेट गल्ल्यावर बसवू नये. कोड लिहिणं हा या कामातला अवघड भाग कधीच नव्हता. व्यापाऱ्याच्या डोक्यात पक्के बसलेले, पण त्याने कधी बोलून न दाखवलेले नियम बाहेर काढणं, हे खरं काम.

उदाहरण घ्या. ठोक कापड व्यापारी सांगतो, "माल गेला की स्टॉक कमी करा, बिल करा, उधारी खात्यावर टाका." ऐकायला सगळं आलं. पण त्याचा बराच माल जांगडवर जातो. यवतमाळ-चंद्रपूरचा दुकानदार साड्या पसंतीला नेतो, चालतील त्या ठेवतो, बाकीच्या परत करतो. माल दुकानातून गेला, पण विकला गेलेला नाही. जीएसटी कायद्याचं कलम ३१(७) यासाठीच आहे: माल चलनावर, म्हणजे बिल न करता नुसत्या माल पाठवल्याच्या कागदावर, पाठवायचा, आणि विक्री पक्की झाली किंवा माल निघून सहा महिने झाले, यातलं जे आधी होईल तेव्हा बिल करायचं. व्यापाऱ्याने हे सांगितलं नाही, कारण त्याचा मुनीम हे वर्षानुवर्षं न सांगता करतोय. एआयने वाक्यात होतं तेवढंच केलं. आता परत येणाऱ्या साड्यांचंसुद्धा बिल आधीच फाटलेलं असणार, त्यावर कर लागलेला असणार, आणि प्रत्येक परतीला क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढत बसावं लागणार. प्रोग्रॅम कुठेही अडकत नाही, म्हणून हे लवकर लक्षातही येत नाही.

गांधीबाग_ठोक

भाऊ, मी त्याच गल्लीत बसते. सासऱ्यांच्या पेढीचे हिशोब मीच पाहते, म्हणून लिहून राहिली.

तुम्ही म्हणता एआयला जांगड माहीत नाही. आमच्या प्रोग्रॅमरला तरी कुठं माहीत होतं? त्याला मी समजावलं, त्याने मान हलवली, आणि चलन अन् बिल एकाच फॉर्ममध्ये भरा म्हणून सांगितलं. वेगळं रजिस्टर पाहिजे तर वेगळे पैसे. पैसे दिले, तर पुढं फोन उचलणं बंद. शेवटी जांगडची वही हातानेच चालली. सगळे प्रोग्रॅमर असे नसतात, मान्य आहे. पण लहान पेढीनं चांगला माणूस शोधायचा कुठं, आणि तो परवडणार कसा?

मग मी स्वतः बसले. मराठीत लिहिलं: जांगडवर गेलेला माल आपल्याच स्टॉकमध्ये दिसला पाहिजे, पण "बाहेर" म्हणून, कोणत्या गावाला कोणाकडे किती नग आहेत ते दिसलं पाहिजे, पाच महिने झाले की नाव लाल झालं पाहिजे. त्याच दिवशी रजिस्टर तयार झालं. रंग पसंत पडला नाही तर मीच बदलते, कोणाच्या हातापाया पडावं लागत नाही. इतकी वर्षं सॉफ्टवेअरवाले म्हणत आले की तुमची पद्धत बदला. पहिल्यांदा माझ्या पद्धतीनं काही बनलं, तर आता तेही चुकीचं काहून?

निवृत्त ईडीपी

ताई, तुमचा राग समजतो, पण ही स्वप्नं आम्ही आधीही पाहिली आहेत. अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५० च्या दशकात फ्लोमॅटिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा केली ती इंग्रजी शब्दांत हिशोब सांगता यावेत म्हणून. त्याच विचारातून १९५९ साली कोबोल या धंद्याच्या हिशोबांसाठीच्या भाषेचं काम सुरू झालं. व्यवस्थापकालाही प्रोग्रॅम वाचता येईल, ही त्यामागची आशा. ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात, मी नोकरीभर कोबोल लिहिलं. एकाही व्यवस्थापकाने ते वाचलं नाही. पगारपत्रकात महागाई भत्त्याची थकबाकी मागच्या तारखेपासून कशी द्यायची, हे इंग्रजी शब्द वापरले म्हणून सोपं होत नाही. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये सीक्वेल आली, साठवलेल्या डेटाला प्रश्न विचारायची भाषा, पुढे तीच एसक्यूएल. अधिकारी स्वतःच माहिती विचारून घेतील असं तेव्हा बोललं जायचं. १९८१ साली ब्रिटनमध्ये एक प्रोग्रॅम बनवणारा प्रोग्रॅम विकायला आला, त्याचं नावच "द लास्ट वन", म्हणजे यानंतर कोणाला प्रोग्रॅम लिहावा लागणार नाही. डाइक्स्ट्रा या नामवंत संगणकशास्त्रज्ञांनी तर नैसर्गिक भाषेत प्रोग्रॅम लिहिण्याच्या कल्पनेवर सरळ टीका केली होती. त्यांचं म्हणणं, गणिताची चिन्हं म्हणजे ओझं नव्हे. त्यांच्यामुळे मूर्खपणाची असंख्य विधानं लिहिताच येत नाहीत. रोजच्या भाषेत ती सहज लिहून होतात आणि अर्थपूर्णही वाटतात.

अंतिम वर्ष, संगणक शाखा

काका, आदर ठेवून असहमत. कोबोल दिसायला इंग्रजी होती, पण एक पूर्णविराम चुकला तरी अर्थ बदलायचा. ती औपचारिक भाषाच होती. आजच्या एआय मॉडेलला मोडकं वाक्यही समजतं, मराठी-हिंदी मिसळलेलं असलं तरी. म्हणून तुलना कोबोलशी नको, १९७९ च्या व्हिसिकॅल्कशी करा, म्हणजे एक्सेलच्या पूर्वजाशी. स्प्रेडशीट आलं आणि हिशोबनीस प्रोग्रॅमरची वाट न पाहता स्वतः गणितं मांडू लागले. इतवारीतल्या कित्येक पेढ्या आज एक्सेलवर चालतात. त्या सूत्रांची तपासणी कोण करतं? कोणीच नाही. तरी धंदा चालतो.

जांगडचं म्हणाल तर साधनाला आधीच सांगायचं: कोड लिहू नकोस, मला प्रश्न विचार. माल परत आला तर काय, अर्धाच परत आला तर काय, भाव मधेच बदलला तर काय, हे सगळं ते विचारतं. मी एका किराणा दुकानासाठी असं करून पाहिलं आहे. त्याचे काही प्रश्न मालकालाही सुचले नव्हते.

एक गोष्ट मात्र खरी. तेच वर्णन पुन्हा दिलं तर कोड तोच येईल याची खात्री नाही. त्यामुळे तयार झालेला कोड जपून ठेवावा लागतो, नुसतं वर्णन ठेवून भागत नाही.

सीए, धरमपेठ

तयार सॉफ्टवेअर घेणारे आणि एआयकडून बनवून घेणारे, दोघांचे हिशोब मी पाहते, त्यामुळे एक प्रकरण आकड्यांसकट मांडते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांत पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता; आता २,५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १८. एका अशिलाने स्वतः एआयकडून बिलिंग बनवून घेतलं होतं. त्यात कराचा दर फक्त वस्तूच्या यादीत होता. २२ तारखेला त्याने यादीत १२ चे ५ केले, नवी बिलं बरोबर निघाली, तो खूश झाला.

ऑक्टोबरमध्ये ऑगस्टच्या बिलातला १,८०० रुपयांचा कुर्ता परत आला. त्या बिलावर १२ टक्क्यांनी २१६ रुपये कर लागला होता. सॉफ्टवेअरने क्रेडिट नोट काढली ५ टक्क्यांनी, म्हणजे ९० रुपये कराची. क्रेडिट नोट मूळ बिलाला जोडलेली असते, तिथे मूळ दरच लागतो. एका कुर्त्यामागे १२६ रुपयांचा फरक. त्याहून वाईट म्हणजे जुनी बिलं पुन्हा छापली की तीही नव्या दराने छापली जात होती. ग्राहकाकडचं बिल एक, दुकानातली प्रत दुसरीच.

दर बिलाच्या ओळीवर जपून ठेवायचा, यादीतून दर वेळी उचलायचा नाही, ही जुन्या हिशोबी सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून पाळलेली शिस्त आहे. अशिलाने ती सांगितली नव्हती, कारण असा प्रश्न असू शकतो हेच त्याला माहीत नव्हतं. आणखी एक: पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. घरी बनवलेल्या कोणत्याही बिलिंगमध्ये मी अजून ही सोय पाहिलेली नाही.

हिंगणा एमआयडीसी, वर्कशॉप

माझं दोन्ही बाजूंशी जमत नाही. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बाहेर गेलेला माल वर्षाच्या आत परत आणायचा असतो, त्याची नोंदवही मी एआयकडून बनवून घेतली आणि ती उत्तम चालते. चुकली तर चलनाची फाइल उघडून दुरुस्त करतो. पण पगार, पीएफ आणि जीएसटी त्याच्या हाती देणार नाही. जिथे चूक घरातल्या घरात निस्तरता येते तिथे खुशाल वापरा.

गांधीबाग_ठोक

मॅडम, कुर्त्याचं वाचून मी लगेच आमचं तपासलं. आमच्याकडेही दर यादीतच आहे. तुमच्यामुळे कळलं, आभार. पण यातून मी उलटा अर्थ काढते. तुम्ही जे चार ओळीत सांगितलं ते मी तसंच्या तसं लिहून देणार आणि ते दुरुस्त होणार. नियम तुमच्याकडे होता, प्रोग्रॅमरकडे नव्हता. मग माझ्यासारखीनं सीएला विचारून नियम लिहावेत, साधन कोड लिहील, मधला माणूस कशाला?

परसोडीचा प्रोग्रॅमर

ताई, हा नियम तुम्हाला कळला कारण कोणाच्या तरी दुकानात आधी तो मोडला. पुढचा कोणत्या दुकानात मोडेल? विद्यार्थी मित्र म्हणतो साधन प्रश्न विचारतं. विचारतं, आणि चांगले विचारतं. पण उत्तर अर्धवट मिळालं तरी ते पुढे जातं. मी गांधीबागेत मुनीमाशेजारी बसतो तेव्हा तो तोंडाने एक सांगतो आणि हाताने दुसरंच करतो, ते मला दिसतं. रोखीत आला तर वटाव, म्हणजे सूट, देतो म्हणतो, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला उधारीतही देतो. कागदावर ते कधीच येत नाही.

आणि कोड दुरुस्त होणार म्हणता, तिथेच मला जास्त काळजी वाटते. दर बिलाच्या ओळीवर आणायला सांगाल, तेव्हा साधन बिलाची रचनाच बदलेल. तुमचं जांगड रजिस्टर त्याच रचनेवर उभं आहे. ते अजून बरोबर आहे का, हे पाच महिन्यांनी नाव लाल झालं नाही तेव्हा कळणार का? म्हणून मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून खरी जुनी बिलं मागतो: साधी विक्री, जांगड, अर्धी परत, दर बदलण्याआधीची विक्री आणि नंतरची परती, रुपया पूर्ण करताना पैशांवर अडणारी बिलं. प्रत्येकाचं उत्तर रुपये-पैशांत मुनीमाकडून लिहून घेतो. कोड माणसाने लिहो की एआयने, प्रत्येक बदलानंतर ही सगळी बिलं आपोआप पुन्हा चालवायची. एक जरी आकडा हलला तर नवा कोड गल्ल्यावर जात नाही. रक्कम पूर्ण पैशांच्या संख्येत साठवायची, दशांशाच्या अंदाजे आकड्यांत नाही; तिथली चूकही त्यातूनच पकडली जाते.

अंतिम वर्ष, संगणक शाखा

हे पटलं. पण मग सर, तुम्ही जे विकताय तो कोड नाही, ही बिलांची पेटी आहे. ती मराठीत, उघडी, व्यापाऱ्याच्या ताब्यात राहिली पाहिजे. उद्या तुमच्याशी बिनसलं तर ताईंना ती घेऊन दुसरीकडे जाता आलं पाहिजे.

गांधीबाग_ठोक

हेच मी म्हणून राहिली. कोड मी बनवणार, एआयकडूनच, त्यात मी मागे हटत नाही. जुनी बिलं आणि जांगडची वही माझ्याकडे आहे, मुनीमकाका रविवारी बसायला तयार आहेत. कागद माझ्याकडे राहील, पेटी माझ्याकडे राहील, तुम्ही फक्त तपासायचं. त्याचे तासाचे किती घ्याल आणि फोन उचलाल का, तेवढं इथंच लिहा, म्हणजे गल्लीतल्या बाकीच्यांनाही कळेल.