कामाच्या ठिकाणचा छळ रोखणारा नियम कसा लिहावा?

मकरपुराकर:
वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतील (औद्योगिक वसाहतीतील) एका कारखान्यात मी प्रशासन पाहते. गोडाऊनमधील एक तरुण कर्मचारी नुकताच नोकरी सोडून गेला. त्याचे वरिष्ठ सकाळच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर त्याच्या चुका वाचून दाखवत, रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने भरलेल्या चलनाचा (मालासोबत जाणाऱ्या पावतीचा) फोटो टाकून खाली ‘आमचे विद्वान’ असे लिहीत, आणि शेवटी त्याचे सगळे काम काढून घेऊन त्यांनी त्याला नुसते बसवून ठेवले. शिवीगाळ नाही, मारहाण नाही. त्यामुळे यात गैर काय, हे शेठना पटवून देणे फार जड गेले. आता त्यांनीच नियमांचा मसुदा मागितला आहे. शिस्त कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, हे त्यात कसे मांडावे?

रावपुऱ्यातील वाचक:
ताई, अशा सर्वसाधारण छळासाठी आपल्या देशात स्वतंत्र कायदा नाही. लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे आणि त्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमावीच लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा जातीवरून अपमान झाला, तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. याखेरीज २० किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समिती लागते. औद्योगिक विवाद कायद्यात २०१०च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, आणि या समितीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात. मात्र व्यवस्थापकीय पदावरील माणूस कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरत नाही, म्हणून तुमच्या नियमात अधिकारी, कंत्राटी कामगार आणि अॅप्रेंटिस या सर्वांचा स्पष्ट उल्लेख हवा.

अलकापुरी, एचआर:
आपल्या मूळ प्रश्नाला जपानचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथे २०१९मध्ये कायदा करून वरिष्ठांकडून होणारा छळ रोखण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली, आणि २०२२पासून ती लहान कंपन्यांनाही लागू झाली. तेथील मार्गदर्शक सूचनांमध्ये छळाचे सहा प्रकार सांगितले आहेत: शारीरिक हल्ला, मानसिक हल्ला, माणसाला एकटे पाडणे, अशक्य काम लादणे, योग्यतेपेक्षा फारच कमी काम देणे किंवा मुळीच न देणे, आणि खाजगी आयुष्यात नाक खुपसणे. आपल्या गोडाऊनमधील मुलाचे काम काढून घेऊन त्याला बसवून ठेवणे यातील पाचव्या प्रकारात जसेच्या तसे बसते. मसुद्यात मोघम ‘गैरवर्तन’ न लिहिता अशी प्रत्यक्ष कृत्येच लिहावीत. चलन चुकले तर त्या माणसाला बाजूला बोलावून काय चुकले ते दाखवणे, सुधारण्यास मुदत देणे आणि तरीही सुधारणा न झाल्यास लेखी ताकीद देणे, ही शिस्त होय. तेच चलन चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकल्याने पुढचे चलन बरोबर येत नाही.

शॉप फ्लोअरवरून:
मी स्वतः सुपरवायझर आहे. आमच्यापैकी बहुतेक जण मशीनवरून वर आलेले असतात. काम उत्तम येते, पण चूक कशी सांगावी हे कोणी शिकवलेले नसते, आणि माल वेळेवर निघाला नाही की वरून आलेला दाब आम्ही तसाच खाली ढकलतो. यामुळे कोणाचा छळ क्षम्य ठरत नाही, तरीही नुसत्या शिक्षेने तो थांबेल असे मला वाटत नाही. सुपरवायझरची बढती ठरवताना त्याच्या हाताखालून किती माणसे सोडून गेली, हे अवश्य पाहावे. शिवाय तक्रार त्याच वरिष्ठांमार्फत पाठवण्याची पद्धत ठेवली, तर एकही तक्रार येणार नाही. त्या मीटिंगमध्ये जे गप्प बसले होते, त्यांनाही तक्रार करता आली पाहिजे आणि त्याबद्दल त्यांची पाळी किंवा ओव्हरटाइम बदलता कामा नये, हे कृपया नियमातच लिहा.

मकरपुराकर:
सर्वांचे मनापासून आभार. सहा प्रकार मी उदाहरणांसह गुजराती, हिंदी आणि मराठीत घेत आहे, कारण आमच्याकडे तिन्ही भाषांची माणसे आहेत. साक्षीदारांच्या संरक्षणाचे कलमही घालते. अशा छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर बाहेरचा एक सदस्य घेण्यास शेठ अजून तयार नाहीत. ज्यांच्या कारखान्यात असा सदस्य आहे, त्यांनी त्याची निवड कशी केली ते कृपया कळवावे.