मदत हवी आहे: गेमचा दरवर्षी येणारा नवा भाग घ्यायचा की वर्ष सोडायचं?

जुळे_सोलापूर:
चौघांच्या वर्गणीतला एक पीएस५ (प्लेस्टेशन ५) आहे, डिस्कवाला. वर्षाचं बजेट पाच हजार, म्हणजे नवाकोरा गेम एकच. दोघांना एफसी (फुटबॉलचा, पूर्वीचा फिफा) हवा, एकाला कॉल ऑफ ड्यूटी (बंदुकांचा). चौथा म्हणतो दरवर्षी तेच गरम करून वाढतायत, मालिकांचा चोथा झालाय. दरवर्षी भाग काढल्याने मालिका खरंच बिघडते का? आणि कोणता भाग सोडायचा हे पैसे टाकायच्या आधी कसं ओळखायचं?

फुलटॉस:
चौथ्याचं अर्धं बरोबर आहे. कॅलेंडरपेक्षा टीमला वेळ किती मिळाला ते बघा. युबिसॉफ्ट कंपनीच्या असॅसिन्स क्रीड मालिकेने २००९ ते २०१५ एकही वर्ष खाडा केला नाही. २०१४ चा युनिटी इतका बगांनी भरलेला आला की युबिसॉफ्टला डेड किंग्ज हा जोडभाग सगळ्यांना फुकट द्यावा लागला. मग २०१६ मोकळं सोडलं आणि २०१७ ला ओरिजिन्स आला, त्यात लढाईची पद्धतच नवी. डब्ल्यूडब्ल्यूई २के२० या कुस्तीच्या गेमचं तेच. जुना स्टुडिओ युक्स बाहेर पडला, सगळा भार व्हिज्युअल कन्सेप्ट्स या दुसऱ्या स्टुडिओवर आला, तारीख मात्र हलली नाही. गेम मोडकातोडका आला, २के२१ रद्द झाला, आणि २के२२ थेट मार्च २०२२ ला. गिटार हिरो या संगीताच्या मालिकेला ही उसंत मिळालीच नाही. एकट्या २००९ मध्ये गिटार हिरो ५, मेटालिका, व्हॅन हेलन, स्मॅश हिट्स, वर बँड हिरो आणि डीजे हिरो. फेब्रुवारी २०११ ला अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने तो विभागच बंद केला.

सातरस्ता:
मग कॉल ऑफ ड्यूटी २००५ पासून दरवर्षी येऊनही कसा टिकला? तीन स्टुडिओ आळीपाळीने करतात म्हणून. इन्फिनिटी वॉर्ड, ट्रेयार्क, स्लेजहॅमर. कॅलेंडरवर वर्ष एक, पण हातात वेळ जास्त. घोळ होतो तो एकाच उपमालिकेचे दोन भाग लागोपाठ काढले की. २०२२ ला मॉडर्न वॉरफेअर २, लगेच २०२३ ला ३, आणि त्यातले सुरुवातीचे सोळा मल्टिप्लेअर नकाशे २००९ च्या गेममधले, नव्याने रंगवलेले. २०२४ ला ब्लॅक ऑप्स ६, २०२५ ला ७. डिसेंबर २०२५ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजननेच जाहीर केलं की असे लागोपाठ भाग आता काढणार नाही. तेव्हा जोडीतला दुसरा भाग डोळे झाकून सोडा.

अजून एक. जुनी डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून हुरळू नका. मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळं डाउनलोड. सुरुवातीच्या पीएस५ च्या ८२५ जीबीतले वापरायला साधारण ६६७ मिळतात. हा गेम एकटा शंभराच्या वर खातो.

जुळे_सोलापूर:
नेट रात्रीच बरं चालतं. मशीन रात्रभर चालू ठेवायचं का? आणि एफसीचं काय ओ?

सातरस्ता:
चालू नको, रेस्ट मोडला म्हणजे झोपेच्या स्थितीत टाका. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर सेव्हिंग, तिथे रेस्ट मोडमधल्या सुविधांत ‘स्टे कनेक्टेड टू द इंटरनेट’ चालू करा. उन्हाळ्यात कपाटाच्या बंद खणात ठेवू नका, मागून गरम हवा निघायला जागा हवी. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको.

फुलटॉस:
एफसीत आधी मोड ठरवा. अल्टिमेट टीम (खेळाडू जमवून स्वतःचा संघ बांधायचा मोड) खेळत असाल तर नव्या भागात खाते शून्यावरून सुरू होतं, जुने खेळाडू येत नाहीत. त्यामुळे घ्यायचा तर सप्टेंबरअखेर, आल्या आल्या. जानेवारीत घेऊन फक्त सहा-आठ महिने मिळतात. सोफ्यावर बसून किक-ऑफ (सुटे सामने) आणि करिअर (एकच संघ मोसमामागून मोसम चालवणं) एवढंच असेल तर एक वर्षाआड पुरे. नवा भाग आला की जुन्याचे संघ अपडेट होणं थांबतं, तोटा एवढाच. बदल्यांच्या मोसमात खेळाडू हाताने इकडून तिकडे हलवता येतात, तासाभराचं काम.

विकत घेण्याआधी ईए प्ले या एफसीवाल्या ईए कंपनीच्या सेवेचं एक महिन्याचं सदस्यत्व घ्या, नव्या भागाचे दहा तास खेळायला मिळतात. गेम उघडा ठेवून चहाला जाऊ नका, घड्याळ चालूच राहतं. सप्टेंबरात आलेला भाग साधारण पुढच्या जूनच्या सुमारास त्याच सदस्यत्वात पूर्ण येतो. एफसी २४ तर मे २०२४ ला पीएस प्लस या सोनीच्या सदस्यत्वावरच मिळाला होता. जुना फिफा मात्र स्टोअरवर शोधू नका. २०२३ ला नाव बदललं तेव्हा ते डिजिटल विक्रीतून काढले, आता डिस्कच.

जुळे_सोलापूर:
आम्ही सोफ्यावालेच. मग यंदा एफसी सोडून कॉल ऑफ ड्यूटी?

फुलटॉस:
ब्लॅक ऑप्स ७ जोडीतला दुसराच आहे, त्यामुळे तोही नको. गड्डा यात्रेच्या सुमारास स्टोअरचा जानेवारी सेल असतो, तेव्हा ब्लॅक ऑप्स ६ ची किंमत बघा. उरलेल्या पैशात जूनला ईए प्ले. आणि हातातली एफसीची डिस्क विकायची असेल तर जुलैच्या आत विका, जुलैत नव्या भागाच्या जाहिराती सुरू झाल्या की तिला कोणी विचारत नाही.