रोहितामागे सगळे, वारकरी कोण मोजणार?

गोदाकाठी
स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ द्या. हिवाळ्यात रविवारी सकाळी निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर जा, मोठ्या लेन्सा लावून मंडळी रोहित (फ्लेमिंगो) कुठे रोहित कुठे करत उभी, आणि समोर पाण्यात वारकरी पक्ष्यांचा (कूट) काळा थर पसरलाय, थापटे बदकं चोची पाण्यात घालून गोल गोल फिरतायत, तिकडे बघायला कोणाला वेळ नाही. घरी गेल्यावर ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या अ‍ॅपवर एक रोहित, एक ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी), संपलं. याला सिटिझन सायन्स, म्हणजे सामान्य लोकांच्या नोंदींवर उभं राहणारं विज्ञान, म्हणायचं का? अहो जेवढं ओळखता आलं तेवढं सगळं लिहा ना, आकड्यासकट, किती वेळ थांबलात तेही. यादी पूर्ण असेल तरच त्या दिवशी काय दिसलं नाही ते पुढे कळतं. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांचा अहवाल ३०,००० च्या वर निरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे. नीलकंठ कमी होतोय हे त्यातूनच दिसलं. नीलकंठ काय कोणाचा लायफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी) असतो? तारेवर बसलेला नेहमीचाच पक्षी. सगळ्यांनीच "जाऊदे, नेहमीचाच आहे" म्हटलं असतं तर?

लेन्सवाला_सिडको
आली परत लेन्सवर गाडी 😄 दादा, तुम्ही यादीत ३०० वारकरी लिहिलेत तर त्याला पुरावा काय? नजरेनं ठोकलेला आकडा. माझ्या फोटोत पीस न् पीस दिसतं, दहा वर्षांनी कोणीही उघडून म्हणू शकतो की बाबा ओळख चुकलीय. तुमची यादी कशी तपासणार? वटवट्यांवर (एकसारखे दिसणारे छोटे पक्षी) तर फोटो समोर असताना भांडणं होतात आणि लोक दुर्बिणीतून अर्ध्या सेकंदात नाव ठोकून मोकळे. आणि २०२० ला नांदूर मध्यमेश्वरला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रातलं पहिलंच ठिकाण, त्यानंतर गर्दी वाढली ती काय आकडे वाचून? लोक फोटो बघूनच येतात.

निफाडचा_द्राक्षवाला
गर्दी वाढली हेच तर दुखणं आहे भाऊ. आमच्याकडे उसात बिबट्या दिसला की लोकेशनसकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि अंधार पडायच्या आत पोरं मोबाईल घेऊन बांधावर हजर. आयनॅच्युरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींच्या फोटो-नोंदींचं अ‍ॅप) धोक्यातल्या प्राण्याचं ठिकाण आपोआप धूसर होतं, तिथं टाका की. अंजनेरीच्या गिधाडांच्या कड्यांचंही तेच. नोंद करा, पत्ता वाटू नका.

म्हसरूळची_सर्पमैत्रीण
लेन्सवाले दादा, फोटो आहे म्हणजे ओळख बरोबर असं थोडंच आहे. पावसाळ्यात काळसर अंगावर पांढरे पट्टे असलेला साप निघाला की अ‍ॅप पटकन एक नाव सुचवतं, टाकणारा तेच ठेवतो, मागून दुसरा येऊन हो म्हणतो, दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद रिसर्च ग्रेड, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी. बघायचं काय असतं? बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, विषारी मण्यारचं उलटं, पुढे पुसट किंवा नसतातच आणि मागे जोडीजोडीनं स्पष्ट. शिवाय मण्यारच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते. आता निम्मे फोटो नुसत्या डोक्याचे, तेही हललेले, त्यात काय कप्पाळ दिसणार? आणि कृपा करून, अ‍ॅप कवड्या म्हणालं म्हणून कोणी सापाला हात लावू नका.

लेन्सवाला_सिडको
पण ताई, फोटो होता म्हणूनच तुम्ही चूक पकडू शकता ना! नुसतं "मण्यार, १" लिहिलं असतं तर तुम्ही काय तपासलं असतं? माझाच मुद्दा झाला हा.

गोदाकाठी
सापाला फोटो हवाच, दुर्मिळ पक्ष्यालाही हवा, कोण नाही म्हणतंय. आणि ईबर्डवर वेगळं नाव किंवा अचाट आकडा टाकला तर रिव्ह्यूवर असणारे स्वयंसेवक विचारतातच, अगदीच वाऱ्यावर नाही सोडलेलं. पण वारकऱ्याला पुरावा मागणं म्हणजे कावळ्याचं आधारकार्ड मागण्यासारखं आहे हो.

नवीनच_आलोय
एक बाळबोध प्रश्न. एवढा मोठा थवा मोजायचा कसा? मी तर सरळ एक्स (दिसले, पण मोजले नाहीत) टाकतो.

गोदाकाठी
एक्स चालतो, पण त्यातून वाढले की घटले ते कळत नाही. आधी एका कडेचे दहा मोजा, ते दहा केवढी जागा खातात ते नजरेत पक्कं करा, मग तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा. खूपच मोठा असेल तर शंभराचा तुकडा धरा. एखाद-दुसरा इकडे तिकडे झाला तरी "भरपूर होते" पेक्षा बरंच. पंधरा मिनिटं एका जागी थांबून केलेली यादीसुद्धा चालते, फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या बॅकयार्ड बर्ड काउंटला (सगळ्यांनी मिळून पक्षी मोजायचा उपक्रम) तर तेवढंच मागतात, गंगापूर धरणावर करा, गच्चीवर करा.

निफाडचा_द्राक्षवाला
गच्चीवरून आमच्याकडे साळुंक्याच साळुंक्या, आणि त्या पण बागेत घुसायला टपलेल्या 😂 टाकू का?

गोदाकाठी
टाका टाका, आकड्यासकट.

लेन्सवाला_सिडको
बरं, मोजेन मी वारकरी. पण उजेड चांगला असेपर्यंत मला हाक मारायची नाही, ऊन चढलं की मग मोजू. आणि आकडा पटला नाही तर मी थव्याचा फोटो काढून घरी एकेक टिंब मोजणार, मग कोणाचा बरोबर ते इथेच बघू.