गेट्स ऑफ द आर्क्टिक: सामानाच्या यादीबद्दल थोडे

गेट्स ऑफ द आर्क्टिकमधील जूनअखेरच्या भटकंतीसाठी एकाने केलेल्या सामानाच्या यादीत टॉर्चसाठी बॅटऱ्यांचे दोन जादा संच आहेत, परंतु शिधा मात्र मोजून सात दिवसांचाच आहे. माझ्या मते हे नेमके उलट हवे. अलास्कातील या राष्ट्रीय उद्यानात जूनअखेरीस काळोख पडतच नाही, त्यामुळे टॉर्चपेक्षा झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी अधिक उपयोगी. तेथे ना रस्ता आहे ना आखलेली पायवाट, बहुतेक जण लहान विमानाने उतरतात, आणि ढग खाली आले की परतीचे विमान एक-दोन दिवस लांबू शकते, म्हणून तेवढा जादा शिधा अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात बसलाच पाहिजे. (नूडल्सची पाकिटे टाचणीने टोचून हवा काढली की बरीच जागा होते.) अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा आणि स्टोव्हचे गॅसचे डबे मोठ्या प्रवासी विमानात नेता येत नाहीत, ते अलास्कातील फेअरबँक्स शहरात पोहोचल्यावरच घ्यावेत. डासांची जाळी पिशवीच्या तळाशी नव्हे, खिशात असावी. बुटांच्या जलरोधकतेवर फार खर्च करू नये, कारण नदी ओलांडताना पाणी वरूनच आत शिरते. त्याऐवजी लोकरी मोज्यांचा एक जोड केवळ झोपण्यासाठी कोरडा राखून ठेवावा.