मदत हवी आहे : गावच्या मशिदीच्या शिलालेखातील सन हिजरी की शुहूर?

बीड जिल्ह्यातील आमच्या गावात काळ्या दगडाची, तीन कमानींची जुनी मशीद असून तिच्या मेहराबीवर (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कमानदार कोनाड्यावर) फारसी शिलालेख आहे. गावकरी ती निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या काळातील मानतात. विश्वस्तांच्या परवानगीने आम्ही लेखावरचे चुन्याचे थर मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढले, तेव्हा बांधणाऱ्याचे नाव झिजून गेल्याचे दिसले. परंतु शेवटच्या ओळीतील ‘सलासीन व अलफ’, म्हणजे १०३०, ही अक्षरे बाजूने बॅटरीचा उजेड टाकल्यावर स्पष्ट वाचता येतात.

अडचण इथेच आहे. हा हिजरी सन धरला तर इ. स. १६२०-२१ येते, निजामशाहीच्या कागदपत्रांत आढळणारा, सौर वर्षावर चालणारा शुहूर सन धरला तर ५९९ मिळवून १६२९-३० येते. मलिक अंबरचा मृत्यू १६२६ मधला, त्यामुळे गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आठवण या नऊ वर्षांच्या फरकावर अवलंबून आहे. सनाचे नाव असावे त्या जागी दगडाचा टवका उडाला आहे आणि महिना किंवा तारीख कोरलेली नाही. कमानींच्या घाटावरून इतका बारीक कालभेद ठरवता येत नाही, हेही आम्ही पाहिले आहे.

मशिदीत रोज नमाज होते, त्यामुळे दगड काढता येणार नाही आणि रसायनही लावायचे नाही. कागदावर ठसा घेण्यास मात्र विश्वस्तांची संमती आहे. मराठवाड्यातील मशिदीच्या शिलालेखात शुहूर सन कोरलेला कोणी प्रत्यक्ष पाहिला आहे का, आणि ठसा घेतल्यावर हिजरी व शुहूर यांतला फरक ओळखण्यासाठी लेखातील नेमके कोणते शब्द तपासावेत?