आरएक्स-८ ला पेट्रोल कुठलं? ९५ पुरे, शंभरचा हट्ट कशाला

विश्रामबाग_रोटरी (सांगली)

माझ्याकडे २००५ ची माझदा आरएक्स-८ आहे, सहा गिअरची. रोज सांगली-मिरज, आणि सुट्टी मिळाली की पेठनाक्याहून हायवे पकडून सातारा, कास, कधी महाबळेश्वर. गाडी घेतल्यापासून जो भेटतो तो एकच सल्ला देतो: रोटरी आहे (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन), शंभर ऑक्टेनशिवाय काही भरू नको. हे पेट्रोल आपल्याकडे प्रत्येक पंपावर मिळत नाही आणि लिटरमागे साध्याच्या जवळपास दीडपट पैसे पडतात.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. विनाटर्बो आरएक्स-८ ला ९५ लागतं. त्याच्या वर एक रुपयाही घालू नये.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली, उष्णतेत पेट्रोल आपणहून पेट घ्यायला किती विरोध करतं, एवढंच तो आकडा सांगतो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०:१ आहे. ब्रिटनमध्ये विकलेल्या गाडीच्या पुस्तिकेत ९५ च लिहिलंय. अमेरिकेतल्या पुस्तिकेत ९१ दिसतं आणि तिथेच आपले लोक घसरतात. अमेरिकेत रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आपल्याकडे फक्त रॉन. त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५-९६. त्यांचं ८७ म्हणजे आपलं ९१-९२. त्यामुळे कुणी परदेशी चर्चा वाचून "९१ चालतं" म्हणाला तरी चूक, आणि "त्यांचं प्रीमियम म्हणजे आपलं शंभर" म्हणाला तरी चूक.

शंभर भरून या गाडीची ताकद वाढत नाही. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, नकाशात तेवढी ठिणगी लवकर पाडायची सोयच नाही, मग जास्तीचं ऑक्टेन वापरणार कोण? तेच पैसे इंजिन ऑइल, प्लग आणि कॉइलवर घाला.

यवतेश्वर_घाट (सातारा)

भाऊ, हिशोब कागदावर बरोबर आहे, पण गाडी कागदावर चालत नाही. मी ठामपणे शंभरच्या बाजूने आहे.

पिस्टनच्या गाडीत नॉकिंग झालं, म्हणजे मिश्रण आपणहून पेटून झटका बसला, तर टकटक ऐकू येते. आपण पाय काढतो, विषय संपतो. रोटरीत तसं नाही. रोटरच्या तीन टोकांना एपेक्स सील असतात, दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. जोराचा नॉक बसला की पट्टी तडकते, तुकडा हाउसिंगवर, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचावर, ओरखडे काढत फिरतो. कानाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मग इंजिन उतरवा, हाउसिंग आणि सील बाहेरून मागवा. सातारा-सांगली सोडा, पुण्यातसुद्धा रोटरी उघडलेला माणूस शोधावा लागतो. एवढी जोखीम समोर असताना टाकीमागे थोडे पैसे वाचवायचे?

आणि तुमचं मे महिन्यातलं सांगलीचं ऊन पाहा. चाळीसच्या वर पारा, एसी चालू, आत दोन माणसं, खंबाटकीला ट्रकच्या मागे रांगत चढायचं. कारखान्याने ९५ ठरवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर ही परिस्थिती होती का?

विश्रामबाग_रोटरी (सांगली)

नॉक सेन्सर आहे ना गाडीत. शिवाय आरएक्स-८ उष्ण देशांतही विकली गेली, ऑस्ट्रेलियात गेली. उन्हाळा काही फक्त आपल्याकडे नसतो.

मिरज_गॅरेज (मिरज)

तुम्ही दोघेही पेट्रोलवर अडकलाय. माझा जन्म गॅरेजात गेला, त्यात रोटरीही पाहिल्या. जरा इंजिनाच्या आतलं बोलतो.

विनाटर्बो रोटरी नॉकला मुळातच कमी बळी पडते. पिस्टनमध्ये सेवन, दाब, ज्वलन सगळं एकाच जागी होतं आणि तिथे तापून लाल झालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसलेला असतो. रोटरीत व्हॉल्व्हच नाही. मिश्रण एका बाजूला आत येतं आणि जळतं दुसऱ्या बाजूला. सेवनाची बाजू थंड राहते. ज्वलनाची जागा लांबट, पसरट, बारीक असल्यामुळे टोकाकडचं मिश्रण भिंतीला लागून थंड होतं. म्हणून तर रोटरी पेट्रोल पिते आणि धुराड्यातून अर्धवट जळालेलं बाहेर टाकते. वाईट गुण आहे, पण नॉकच्या बाबतीत तोच गुण उपयोगी पडतो.

खरा घात करते ती ठिणगी. एवढ्या लांब जागेत आग पोहोचवायची म्हणून एका रोटरला दोन प्लग दिलेत, लीडिंग आणि ट्रेलिंग. १९९१ ला ल माँची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बी च्या चार रोटरच्या इंजिनात तर रोटरमागे तीन प्लग होते. आरएक्स-८ च्या कॉइल लवकर अशक्त होतात. ठिणगी चुकली की न जळालेलं पेट्रोल थेट कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जातं, तिथे पेटतं, कॅट वितळून तुंबतो. धूर बाहेर पडेना की इंजिन आतून भाजतं आणि सील जातात. गिऱ्हाईक म्हणतं पेट्रोल खराब होतं. पेट्रोल बिचारं शुद्ध होतं, कॉइल जुन्या होत्या.

माझ्या मते इंजिन सुस्थितीत असेल, गाडी ओढत चालवत नसाल, तर ९१ वरसुद्धा ही गाडी मरत नाही. अमेरिकेतल्या पुस्तिकेत त्यांचं साधं ८७, म्हणजे आपलं ९१, हेही ताकद थोडी कमी होईल एवढ्या इशाऱ्यावर चालवून घेतलंय.

ऊसपट्टा (वाळवा)

मंडळी, तुम्ही कुठल्या ९१ वर भांडताय? पंपावर ते साधं पेट्रोल आता राहिलंय का?

देशात २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे आणलं आणि २०२५ मध्ये गाठलंही. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास. त्यामुळे २० टक्के मिश्रणाचा मानकातला किमान आकडाच ९५ आहे. म्हणजे आज साध्या नोझलमधून जे येतं ते ऑक्टेनच्या हिशोबाने विश्रामबागवाल्यांना हवंय तेच. प्रीमियम ९५ ला जादा पैसे का द्यायचे, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि हे इथेनॉल येतं कुठून? आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतून. मळी, उसाचा रस, यातून. माझ्या उसाचं बिल वेळेवर मिळायला त्याचा हातभार लागतो. शहरातला माणूस इथेनॉलला विष म्हणतो तेव्हा वाईट वाटतं. टर्बो गाड्या पळवणारे तर ८५ टक्के इथेनॉल मुद्दाम शोधून वापरतात, कारण ते बाष्प होताना मिश्रण थंड करतं आणि नॉक लांब ठेवतं.

विश्रामबाग_रोटरी (सांगली)

ऊसपट्टा साहेब, ऊस आमच्या घरीही आहे, तेव्हा इथेनॉलशी वैर नाही. पण २००५ च्या गाडीचा प्रश्न वेगळा आहे, तो मांडतो.

ऑक्टेन ९५ झालं हे मान्य. पण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. ज्या गाडीचा नकाशा शुद्ध पेट्रोल धरून केलाय ती तेवढंच पेट्रोल सोडते, आणि मिश्रण सात-आठ टक्के लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेतो. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू सेन्सरवर विसंबत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे फवारतो. लीन मिश्रण म्हणजे जास्त तापलेला धूर, आणि रोटरीचा धूर आधीच इतर इंजिनांपेक्षा गरम.

८५ टक्केवाले इंजेक्टर मोठे बसवतात, पंप बदलतात, ट्यून नव्याने करतात. त्यांचा दाखला माझ्या मूळ गाडीला लागू होत नाही.

यवतेश्वर_घाट (सातारा)

मग झालं की! तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. शंभरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नसतं म्हणून मी ते भरतो. ऑक्टेनसाठी नको तर नको, इथेनॉल टाळायला भरा.

विश्रामबाग_रोटरी (सांगली)

तुमचं पहिलं कारण नॉकिंग होतं, आता इथेनॉल आलं. दोन्ही वेगळी कारणं आहेत, त्यांचे उपायही वेगळे. नॉकिंगसाठी शंभर नको, यावर मी कायम आहे. इथेनॉलसाठी म्हणाल तर विचार करण्यासारखं आहे, पण मग पंपावरचा आकडा बघून चालणार नाही, आत इथेनॉल आहे की नाही हे बघावं लागेल.

मिरज_गॅरेज (मिरज)

ते तपासणं अवघड नाही. काचेचं मापाचं नळकांडं घ्या. त्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून चांगलं हलवा, सैल करून वाफ सोडा, मग दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल नसेल तर खाली पाण्याची रेघ दहावरच राहते. असेल तर इथेनॉल पाण्यात उतरतं आणि रेघ वर चढते, वीस टक्केवाल्यात चांगलीच चढलेली दिसते. उघड्या जागी करा, जवळ विडी-काडी नको.

आणि लीनचं म्हणाल तर थोडं धीराने. आरएक्स-८ चा मूळ नकाशा पूर्ण थ्रॉटलला मुद्दाम भरपूर पेट्रोल ओततो, कॅट वाचवायला. तिथे सात-आठ टक्के कमी झालं तरी लगेच आकाश कोसळत नाही. ईसीयूचे आकडे दाखवणारं डोंगल लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल कायम किती टक्के कमी-जास्त करतोय ते. तो पंधरा टक्क्यांच्या पुढे अधिकमध्ये गेला तर चिंता करा, आणि आधी व्हॅक्यूमची गळती, एअरफ्लो सेन्सर, फ्युएल पंप बघा. जुन्या गाडीत रबरी नळ्या मात्र बदलून घ्याच. इथेनॉलचा त्रास मला तिथे जास्त दिसतो.

कोयनाकाठ (कराड)

एक गोष्ट वेगळी काढून ठेवा, नाहीतर कुणीतरी हा धागा वाचून नुकसान करून घेईल. माझ्या मित्राकडे आरएक्स-७ आहे, एफडी मॉडेल, १३बी-आरईडब्ल्यू इंजिन. कॉम्प्रेशन ९:१, म्हणजे आरएक्स-८ पेक्षा कमी. म्हणून तिला कमी ऑक्टेन चालेल असं समजू नका. तिला दोन टर्बो आहेत. बूस्ट आला, म्हणजे टर्बोने जादा हवा कोंबली, की आतला दाब आणि उष्णता आकड्यात दिसते त्याहून कितीतरी जास्त असते. मिरजवाल्यांनी सांगितलेला थंड बाजूचा फायदा तिथे संपतो. टर्बो रोटरीत सील तुटल्याच्या ज्या कथा ऐकू येतात त्या बहुतेक बूस्टमधल्या नॉकच्या असतात.

टर्बोला शंभर भराच, आणि ते मिळालं नाही तर बूस्टवर जाऊ नका. या एका बाबतीत मी साताऱ्याच्या बाजूने.

तासगाव_टूटी (तासगाव)

पण जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हळू जळतं, त्याने रोटरीत कार्बन साचतो असं वाचलंय. मग शंभर भरणं उलट धोक्याचं नाही का?

मिरज_गॅरेज (मिरज)

नाही. ऑक्टेन आणि जळण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेट्रोल कशापासून बनवलंय त्यावर वेग ठरतो, आकड्यावर नाही. कार्बन होतो तो हाउसिंगमध्ये सोडल्या जाणाऱ्या ऑइलमुळे आणि गाडी कायम तीन हजारांच्या आत फिरवल्यामुळे. इंजिन गरम झालं की हायवेवर सुरक्षित जागी तिला वरपर्यंत फिरू द्या, नऊ हजारांची लाल रेघ उगाच दिलेली नाही. शाफ्ट नऊ हजार फिरतो तेव्हा रोटर फक्त तीन हजार फिरत असतो.

टूटी ऑइल (टू-स्ट्रोकचं) टाकीत मिसळणारे बरेच जण आहेत, लिटरला पाच मिलीच्या आसपास. सीलला चांगलंच. ऑक्टेन त्याने किंचित उतरतं, म्हणून तेल मिसळणाऱ्याने तरी ९५ च्या खाली जाऊ नये.

विश्रामबाग_रोटरी (सांगली)

घाटाचाही एक मुद्दा. नॉकची शक्यता सगळ्यात जास्त कमी फेऱ्या आणि जास्त भार असतो तेव्हा. मिश्रण दाबाखाली जास्त वेळ राहतं. पसरणीला चौथ्या गिअरमध्ये पाय दाबून ओढत नेणं हे कुठल्याही पेट्रोलला वाईट. दुसरा-तिसरा टाका, फेऱ्या पाच-सहा हजारांवर ठेवा. आणि महाबळेश्वरची उंची तेराशे मीटरच्या पुढची. हवा विरळ, सिलिंडरात, म्हणजे चेंबरमध्ये, कमी भरते. टर्बो नसलेल्या गाडीला वर गेल्यावर ऑक्टेनची गरज कमीच होते. घाटासाठी म्हणून शंभर भरून निघणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

यवतेश्वर_घाट (सातारा)

वर गेल्यावर कमी होते, पण चढ सुरू होतो वाईतून, तिथे हवा दाट आणि गरम. गिअरचं मात्र बरोबर बोललात.

ऊसपट्टा (वाळवा)

शंभरवाल्यांनी एक विचारावं पंपावर: शेवटचा टँकर कधी आला? महाग पेट्रोल लहान गावात कमी खपतं, टाकीत महिनोन् महिने पडून राहतं. शिळं शंभर घेण्यापेक्षा रोज रिकामा होणारा पंप मी केव्हाही निवडेन.

यवतेश्वर_घाट (सातारा)

हे पटलं. मी पुण्याला जातो तेव्हा गर्दीच्या पंपावर भरतो. तरी मी शंभरवरच राहणार. माझं इंजिन माझ्या पैशाने बांधून झालंय, ते परत उतरवायची माझी तयारी नाही.

मिरज_गॅरेज (मिरज)

राहा, नुकसान काही नाही, खिशाला सोडून. पण दोघांनीही पुढची टाकी भरायच्या आधी रोटरीच्या मीटरवर कॉम्प्रेशन मोजून घ्या. साध्या गेजवर नको, तो एका रोटरच्या तीन बाजूंतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो आणि खराब बाजू लपते. २५० फेऱ्यांना प्रत्येक बाजूला किमान ६८० किलोपास्कल हवेत, आणि बाजूबाजूंत १५० पेक्षा जास्त फरक नको. गरम इंजिन बंद करून लगेच सुरू करताना स्टार्टर जास्त वेळ घेत असेल तर आधी या.

विश्रामबाग_रोटरी (सांगली)

रविवारी आणतो. नळकांडंही आणतो, मिरजेत मिळणारं ९५ आणि १०० दोन्ही तिथेच तपासू. यवतेश्वरवाले, तुमच्या टाकीतलं थोडं बाटलीत घेऊन तुम्हीही या.